बांदिवड्याचं घर, फोंड्याचा फ्लॅट आणि एकटीनं बाहेर पडणं

अबोली_बांदिवडे | ७ जानेवारी, सकाळी ६.४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचते आहे, लिहिलं फारसं कधी नाही. आज धीर करून धागा काढते.

वय ६८. हे गेले त्याला गेल्या तुळशीच्या लग्नाला दोन वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला, मुलगी पुण्याला. बांदिवड्याच्या घरात मी एकटी. जुनं घर आहे, मधे चौक, सात खोल्या, वर माळा, मागे न्हाणी नि विहीर, भाटात चाळीस माड. त्यातल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच मी वापरते. बाकी दारांना कड्या. शनिवारी उघडायच्या, केर काढायचा, परत लावायच्या.

गेल्या मे महिन्यात कौलं परतायला माणूस मिळाला नाही. तीस वर्षं जो यायचा त्याचे गुडघे गेले, त्याचा मुलगा हॉटेलात लागला. जूनमध्ये नेमकं देवघरावरच गळायला लागलं. रात्री दोनला देव उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवले, खाली पातेली लावली आणि उजाडेपर्यंत टप टप ऐकत बसून राहिले. पुढचा पावसाळा या घरात एकटीनं काढायचा नाही हे त्या रात्री ठरलं.

फोंड्यात दोन बेडरूमचा फ्लॅट बघितलाय. बाजार, डॉक्टर, बसस्टँड सगळं पायी. मुलगा म्हणतो घर विक आणि बंगळुरूला ये. मुलगी म्हणते घर विकायचं नाव काढू नकोस. दोघांचा जीव आहे माझ्यावर, पण जूनच्या त्या रात्री दोघंही इथं नव्हती.

प्रश्न दोन. ज्यांनी मोठं घर सोडून लहान घर केलं त्यांनी काय नेलं, काय ठेवलं, नंतर कशाची हळहळ वाटली? न्हाणीतलं तांब्याचं भाण तर मला सोडवतच नाही.

दुसरा लिहिताना जड जातंय. मला बाहेर जायचं आहे. नाटकाला, जत्रेला, फेरीबोटीनं दिवाडी बेटावर. ४३ वर्षं आम्ही जिथं गेलो तिथं स्कूटरवरून दोघं गेलो. आता साडी बदलते, चपला घालते, फाटकापर्यंत जाते आणि परत येते. तुम्ही पहिल्यांदा एकट्या कुठं गेलात? कशा गेलात?

मिरामार_फेरी | ७ जानेवारी, सकाळी ८.१५

अबोलीताई, बरं केलंत लिहिलंत ते. माझं वय ७१, पणजीत राहते, एकटी होऊन नऊ वर्षं झाली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अगदी तयार आहे: पाटोवरची सेंट्रल लायब्ररी. फोंड्याहून पणजीची बस घ्या, कदंब स्टँडवर उतरा, तिथून चालत. कृष्णदास शामांचं नाव असलेली ही लायब्ररी १८३२ सालची, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. पण मी सांगतेय त्याचं कारण वेगळं. हॉटेलात एकटी बाई बसली की वेटरसुद्धा विचारतो, "अजून कोण येणार आहे का?" लायब्ररीत कुणी विचारत नाही. तिथं सगळेच एकटे बसलेले असतात.

पहिल्या दिवशी मी चाळीस मिनिटं बसले. एकच वर्तमानपत्र तीनदा वाचलं, काही डोक्यात शिरलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दीड तास. मग मराठी विभागात जाऊन कपाटं बघायला लागले. आता मंगळवार-शुक्रवार माझी खिडकीजवळची जागा ठरलेली आहे.

कुळागरी | ७ जानेवारी, सकाळी ९.०२

ताई, घर विकू नका. हात जोडून सांगतो.

आमच्या आतेनं केरीचं घर विकलं. पैसे चांगले आले, फ्लॅटही चांगला घेतला. पण घेणाऱ्यानं सहा महिन्यांत घर पाडून कंपाउंड घातलं. आते एकदा बसमधून जाताना बघून आली, त्यानंतर त्या रस्त्यानं कधी गेली नाही. फणसाचं झाडसुद्धा ठेवलं नव्हतं.

कौलांचं दुखणं असेल तर वरून पत्र्याचं छप्पर घाला. देखणं नाही दिसत, मान्य. पण आमच्याकडे पाच वर्षं थेंब पडलेला नाही. माड कुणाला तरी करायला द्या, दर पाडपाला अर्धे नारळ तुम्हाला.

सासष्टीची_सून | ७ जानेवारी, दुपारी १.३०

@कुळागरी, पत्र्यानं गळती थांबेल, पण रात्री दोन वाजता त्या एकट्या होत्या त्याचं काय करायचं?

तरीही माझा अनुभव तुमच्याच बाजूचा आहे, म्हणून लिहिते. सासूबाईंना आम्ही चांदरहून मडगावात आणलं. चौथा मजला, लिफ्ट, हवेशीर गॅलरी. सगळं त्यांच्या भल्यासाठी, आणि सगळं आम्ही ठरवलेलं. गावात दिवसभर दार उघडं असायचं. सकाळी पोदेर (पाववाला) यायचा, मग नुस्तेकान्न (मासेवाली), दुपारी कोणीतरी लिंबं मागायला. फ्लॅटमध्ये दार बंद. बेल वाजली तर कुरिअर. सहा महिन्यांत त्यांचं बोलणं निम्म्यावर आलं.

मग खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी त्यांना विठ्ठलमंदिरातल्या भजनाला नेलं आणि पुढचं सगळं बदललं. आज त्या परत गावी जायचं म्हणत नाहीत. त्यामुळे अबोलीकाकू, फ्लॅट बघताना खोल्या मोजा, पण त्याआधी त्या बिल्डिंगमध्ये दुपारी चारला जाऊन अर्धा तास खाली बसा. कोण येतं, कोण बोलतं ते बघा.

डिचोलीकर | ७ जानेवारी, दुपारी २.१०

वरच्या शेवटच्या दोन वाक्यांना +१००.

कायदा_फोंडा | ७ जानेवारी, रात्री ९.४५

मी वकिली करतो, म्हणून थोडं रुक्ष लिहितो. यावाचून पुढची चर्चा हवेत राहील.

गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून हे चालत आलं आहे. वारशाचा भाग आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आहे, तो २०१६ च्या डिसेंबरपासून लागू झाला. अबोलीताईंच्या बाबतीत याचा अर्थ असा की तुमच्या दोघांच्या मालमत्तेतला निम्मा हिस्सा मुळात तुमचाच. तो यजमानांकडून वारशानं आलेला नाही, मुलांच्या कृपेनंही नाही. उरलेला निम्मा मुलांकडे जातो.

म्हणून घर विकायचं म्हटलं तर तुमची एकटीची सही पुरत नाही. मुलगा, सून, मुलगी, जावई, सगळ्यांच्या सह्या लागतात, कारण त्यांच्या संसारातही हाच समाईकपणा येतो. सगळे राजी असतील तर वारसाहक्काचा दस्त करून पुढे जाता येतं. वाटणीवर एकमत नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, आणि तिला वेळ लागतो.

आज एकच काम करा. घर यजमानांच्या वडिलांच्या काळचं असेल तर एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबारा) काढून बघा. त्यावर दिरांची, नणंदांची नावं असली तर घर विकावं की ठेवावं हा प्रश्न आणखी पुढचा आहे.

आणि प्रेमापोटी सगळं मुलांच्या नावे करून मोकळं व्हावं असं वाटलं, तर बक्षीसपत्रातच "सांभाळ करण्याच्या अटीवर" असं स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३ वं कलम अशा वेळी उपयोगी पडतं. अट कागदावर नसेल तर भांडणं फार कठीण जातं. तुमची मुलं चांगली आहेत हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं. तरीही लिहून घ्या.

अबोली_बांदिवडे | ८ जानेवारी, सकाळी ७.०५

वकीलसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. निम्मं घर माझं आहे हे मला आजवर कुणी अशा शब्दांत सांगितलं नव्हतं. मी "मुलांना विचारून सांगते" असंच सगळ्यांना म्हणत होते.

उतारा यांच्या फायलीत सापडला. धाकट्या दिरांचं नाव आहे त्यावर.

@सासष्टीची_सून, आज चारला त्या बिल्डिंगखाली जाऊन बसते.

पेडण्याची_पोर | ८ जानेवारी, सकाळी ११.२०

विषयाला थोडा फाटा फोडते. भाण म्हणजे न्हाणीतलं आंघोळीच्या पाण्याचं ना? आमच्याकडे चुलीत बसवून टाकलेलं होतं. नवीन बाथरूम करताना बाबांनी तांब्याच्या भावानं वजनावर दिलं. आजी काही बोलली नाही. त्या दिवसापासून गीझरच्या पाण्याला मात्र ती "हें उदक न्हय" म्हणायची. मी तेव्हा नववीत होते. आज मिळालं तर दुप्पट पैसे देऊन परत आणीन.

मुंबईची_गोंयकार | ८ जानेवारी, दुपारी १२.००

देऊ नका गो बाय ते भाण! आमच्या वहिनीनं त्यात कमळं लावली आहेत.

कुळागरी | ८ जानेवारी, दुपारी १२.२५

कमळं??? ज्या भाणात तीन पिढ्यांनी अभ्यंगाचं पाणी तापवलं त्यात चिखल? मला नाही पटत. वापरायचं नसेल तर देवळात द्या. जत्रेच्या समाराधनेला मोठी भांडी कायम कमी पडतात.

पेडण्याची_पोर | ८ जानेवारी, दुपारी १२.४०

कुळागरीदादा, वजनावर जाण्यापेक्षा कमळं शंभर पटींनी बरी.

म्हापशेकर_मास्तर | ९ जानेवारी, सकाळी १०.३०

मी पुरुष आहे आणि बायको जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळे या धाग्यावर लिहावं की नाही असा विचार करत होतो. पण पहिला प्रश्न माझाही आहे.

घर लहान करताना माझी एक चूक झाली, ती सांगतो. तिच्या साड्यांचं कपाट मी पहिल्या महिन्यातच रिकामं केलं. बघवत नव्हतं म्हणून. लेक आली तेव्हा तिला आईची एक साडी हवी होती, रोजच्या वापरातली, कॉटनची, निळ्या काठाची. भारी साड्या सगळ्या जपून ठेवलेल्या होत्या. ती मी देऊन टाकलेली. लेक म्हणाली, "असू दे बाबा," आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

तेव्हा मौल्यवान वस्तू काय त्या मागाहून ठरवा. आधी रोजच्या वापरातलं एक-एक बाजूला काढून ठेवा.

दुसरं, पुस्तकं. माझी साडेतीनशे मराठी पुस्तकं होती. लायब्रऱ्या सगळंच घेत नाहीत, फाटकी आणि त्यांच्याकडे आधीच असलेली परत पाठवतात. आधी यादी करून दाखवा. मी गावच्या शाळेला शंभर दिली, शुक्रवारच्या बाजारात एकाला पन्नास दिली, बाकी अजून आहेत.

मुंबईची_गोंयकार | ९ जानेवारी, दुपारी ३.१५

मास्तर, डोळ्यांत पाणी आणलंत.

फिरण्याबद्दल माझा एक राग इथं काढते. एका नावाजलेल्या टूरवाल्याकडे दक्षिण भारताचं बुकिंग करायला गेले. एकटी म्हटल्यावर माणशी भाव बदलला. खोलीत दुसरं कोणी नाही म्हणून जादा पैसे. का, तर खोली दोघांची धरलेली. आयुष्यभर दोघांचे पैसे भरले, आता एकीला दीड माणसाचे भरायचे! मी उठून आले. मग आमच्या गिरगावातल्या जुन्या शाळेच्या दोन मैत्रिणींना फोन केला, तिघींनी मिळून एक खोली घेतली आणि स्वतःच गेलो.

आगगाडीलाही पूर्वी बायकांना वयाच्या ५८ पासून अर्धं तिकीट होतं. मार्च २०२० मध्ये ते बंद झालं, अजून सुरू नाही. पेन्शनीत भागवणाऱ्या बाईला मुंबई-मडगाव जाणं-येणं हाच मोठा खर्च होऊन बसतो.

साळावलीकाठ | ११ जानेवारी, रात्री १०.१०

चार दिवस हा धागा वाचतेय. आज लिहितेच.

मी कुर्डीची. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी तेच. साळावलीच्या धरणाखाली आमचं गाव गेलं. लग्न होऊन मी तिथं आले आणि थोड्याच वर्षांत घर सोडायची पाळी आली. एकट्या माणसाचं नाही, अख्ख्या गावाचं घर लहान झालं म्हणा. ट्रक यायचा, ठरलेल्या वेळेत भरायचा. माझ्या सासूनं काय नेलं सांगू? रगडा. दोघांना न उचलणारा दगडी रगडा. सासरे ओरडले, "तिथं दगड मिळणार नाहीत काय?" ती ऐकेना. नव्या जागी पहिल्या दिवशी चूल नव्हती, विहीर नव्हती, पण रगडा मांडून तिनं त्यात खोबरं वाटलं. आमच्या घरी मिक्सर आहे, तरी तो रगडा अजून परसात आहे. पाऊस पडला की त्याच्या खळग्यात पाणी साठतं आणि चिमण्या येतात.

दर मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा आम्ही गावात जातो. सोमेश्वराच्या देवळाशी सगळे जमतात. जोती दिसतात, कुणाचं घर कुठं होतं ते नातवंडांना बोटानं दाखवायचं. मी माझ्या चुलीच्या जागेवर जाऊन उभी राहते. त्या जागी मला रडू येत नाही. आश्चर्य वाटतं, पण नाही येत. ज्या वर्षी पाऊस लवकर आला आणि जायला मिळालं नाही त्या वर्षी मात्र फार रडले होते.

अबोलीबाय, आमचं घर पाण्याखाली आहे, तरी वर्षातून एक दिवस आम्ही जातो. तुझं तर बसच्या वीस मिनिटांवर असेल. ते अख्खं राहू दे आणि तू वर्षभर तिथं राहू नको, असं नाही का करता येणार?

मिरामार_फेरी | ११ जानेवारी, रात्री १०.३२

साळावलीकाठ, नमस्कार तुम्हाला. याच्यावर एक वेगळा धागा काढा, मी वाट बघते.

अबोली_बांदिवडे | १६ जानेवारी, संध्याकाळी ५.५०

साळावलीकाठ, "वर्षभर तिथं राहू नको" हे मी वहीत लिहून ठेवलंय.

आज दुसरंच सांगायचं आहे. काल वाड्यावर हळदीकुंकू होतं. मागच्या वर्षी मला बोलावणं नव्हतं, मीही अपेक्षा केली नव्हती. यंदा शेजारची सून स्वतः येऊन सांगून गेली, "काकू, तुम्ही यायचंच." मी गेले. कोपऱ्यात बसले. तिळगूळ सगळ्यांना दिला तसा मलाही मिळाला. वाण देताना मात्र तिच्या सासूनं तिच्या दंडाला हात लावला. काही बोलली नाही, नुसता हात लावला. सून क्षणभर थांबली आणि मग माझ्या ओंजळीत वाण ठेवलं. एक छोटी पितळी पळी. माझ्या हाताला घाम आला होता, पळी निसटून पडली आणि त्या आवाजानं सगळ्या बघायला लागल्या.

आज सकाळी फोंड्याच्या बाजारात गेले होते. फुलवाली नेहमीची, तिच्याकडून मी वीस वर्षं अबोलीचा गजरा घेत आले. दोन वर्षं तिच्या समोरून मान खाली घालून जायचे. आज तिनं हाक मारली, "घे गो बाय, ताजी आसात." तिला माझं माहीत आहे, हे गेले तेव्हा हार तिच्याकडचेच होते. मी म्हटलं, कशाला आता. ती म्हणाली, "केंस आसात न्हय?" आणि पैसे न घेता गजरा पानात बांधून दिला.

केसांत माळला नाही अजून. ताम्हनात पाणी घालून त्यात ठेवलाय. पण घरात आहे.

सासष्टीची_सून | १६ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

माळा काकू. आत्ता माळा.

कोल्हापूरची_माहेरवाशीण | १६ जानेवारी, रात्री ८.००

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. तिथल्याच हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करायचा ठराव केला. ठरावानं सगळी मनं बदलली नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण माझ्या चुलतीचे यजमान गेले तेव्हा तिच्या बांगड्यांना कुणी हात लावला नाही. म्हणून सांगते, त्या शेजारच्या सुनेला जाऊन भेटा. पुढच्या वर्षी तुमच्या फ्लॅटवर तिळगूळ ठेवा आणि पहिलं वाण तिला द्या.

डिचोलीकर | १७ जानेवारी, सकाळी ९.२५

एक व्यवहाराचा प्रश्न कुणी काढलेलाच नाही. चवथ. गणपती कुठं बसणार? मूळ घर बंद झालं तर माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची चौकट) कुठं बांधायची? आमच्याकडे भावाभावांत या एका प्रश्नावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. फ्लॅटच्या छताला माटोळीचा चौकोन टांगायला हूकसुद्धा नसतो, आणि नारळ-सुपारीच्या घडांचं वजन काय असतं ते ज्यानं बांधलंय त्यालाच ठाऊक.

अबोली_बांदिवडे | १७ जानेवारी, दुपारी २.४५

हा प्रश्न माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होता, लिहायला धीर झाला नाही. काल धाकट्या दिरांना फोन केला, उताऱ्याचंही बोलायचं होतं. ते वास्कोत असतात. म्हणाले, "वहिनी, दादा होता तोपर्यंत मी पाहुण्यासारखा आलो. आता मे महिन्यात मी आणि मुलगा येऊन कौलं बघतो. चवथ तिथंच." मला वाटलं होतं ते हिस्सा मागतील. मनात आधीच भांडून झालं होतं माझं त्यांच्याशी.

तरुण_तिसवाडी | १८ जानेवारी, रात्री ११.५०

मी ३४ वर्षांचा, दुबईत नोकरी. माझी आई रायबंदरला एकटी असते. दर रविवारी फोनवर मी तिला हेच सांगतो की घर विकून टाक, कशाला त्रास. आज हा धागा पहिल्यापासून वाचला आणि लक्षात आलं की तिला काय हवं आहे ते मी कधी विचारलंच नाही. फोन लावला. आधी ती घाबरली, इतक्या रात्री का म्हणून. मग पाऊण तास बोलली. तिला चोडणला पक्षी बघायला जायचं आहे. घरासमोरून फेरीबोट जाते आणि सलीम अली अभयारण्यात ती एकदाही गेलेली नाही!

मिरामार_फेरी | १९ जानेवारी, सकाळी ७.३०

@तरुण_तिसवाडी, आईला आमच्याकडे पाठवा. खरंच. मला निरोप करा.

आणि अबोलीताई, आता तुम्ही. फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात मराठी नाट्यस्पर्धा चालू असते, तुमच्या घराजवळच. एक दिवस ठरवा, मी पणजीहून येते. की पहिल्यांदा एकटीनंच जायचंय?

अबोली_बांदिवडे | १९ जानेवारी, सकाळी ७.५२

पहिल्यांदा एकटीनंच. मग तुम्ही या.

अबोली_बांदिवडे | २८ जानेवारी, सकाळी ६.१५

जाऊन आले.

दोनदा फाटकावरून परत फिरले हे खरं. तिसऱ्यांदा कडी लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. यांची सवय अशी की नाटकाला नेहमी कडेची खुर्ची, पाय लांब करता यावेत म्हणून. मी त्यांच्या आतली. काल आत गेले आणि सवयीनं कडेची सोडून दुसऱ्या खुर्चीवर बसले. नाटक सुरू होईपर्यंत ती रिकामी होती. मग एक कॉलेजातली मुलगी धावत आली, "आजी, इथं कोण आहे?" मी म्हटलं, "कोण नाही, बस." हे तीन शब्द तोंडातून जायला किती वेळ लागला ते तिला कळलं नसेल.

नाटक बरं होतं. दुसरा अंक लांबला. मधल्या वेळात त्या मुलीनं मला चहा आणून दिला आणि नेपथ्यात काय चुकलंय ते सविस्तर समजावलं, ती त्याच विषयाची विद्यार्थिनी निघाली. परतीला बांदिवड्याच्या आतल्या रस्त्याला बस नव्हती, रिक्षा केली. पैसे जास्त गेले. रात्री साडेदहाला कुलूप उघडून एकटी घरात शिरले. यापूर्वी कधीच नाही.

गजरा माळला होता. त्या दिवशीचा नाही, नवा.

पेडण्याची_पोर | २८ जानेवारी, सकाळी ६.४०

काकू!!! मी बसमध्ये रडतेय आणि कंडक्टर विचारतोय काय झालं.

म्हापशेकर_मास्तर | २८ जानेवारी, सकाळी ९.००

रिक्षाच्या पैशांचा विचार करू नका. स्कूटरलाही पेट्रोल लागतच होतं.

मिरामार_फेरी | २२ फेब्रुवारी, रात्री ८.२०

वृत्तांत: काल आम्ही पाच जणी (अबोलीताई, मी, सासष्टीची_सून व तिच्या सासूबाई, तरुण_तिसवाडीची आई) दिवाडीला जाऊन आलो. जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ धक्क्यावर. पायी माणसांना फेरीबोट फुकट. अबोलीताईंनी पर्स उघडून पैसे हातात धरले होते, कारण पूर्वी स्कूटरचे द्यायची सवय.

दिवाडी ओलांडून पलीकडे दुसरी फेरी घेतली की नार्वे. सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीचा. पोर्तुगीजांच्या काळात तिथलं देऊळ मोडल्यावर देव पलीकडे नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करायला लावला. आम्ही पायरीवर बसून डबे उघडले. सासूबाईंनी खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण) आणलं होतं. तिथं बसल्या बसल्या अबोलीताई म्हणाल्या, "देवानंसुद्धा घर बदललं की हो." त्यावर कुणीच काही बोललं नाही, सगळ्या जेवत राहिलो.

उतरताना धक्क्यावरच्या शेवाळाला जपा, माझा पाय सरकला होता.

अबोली_बांदिवडे | ९ मार्च, सकाळी ६.३०

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण निर्णय झाला.

फ्लॅट अकरा महिन्यांच्या भाड्यानं घेतला. विकत नाही. पहिला मजला, खाली चारला चार बायका बसतात, मी दोनदा जाऊन बघून आले. घर विकायचं नाही. मेमध्ये दीर-पुतण्या कौलं परतणार, माड कुळागरींनी सुचवल्याप्रमाणे अर्ध्यानं दिले. पावसाळा फ्लॅटमध्ये, चवथीला दहा दिवस घरी. मुलगा दोन दिवस गप्प होता, मग म्हणाला, "भाडं मी देतो." मी नको म्हटलं, पेन्शनीत बसतं. मुलगी म्हणाली, "आई, तू विचारलं नाहीस, सांगितलंस." हो, सांगितलं.

नेलं ते: देव, लहान कढई, खोबरं खोवायची आडोळी, यांची निळी छत्री, मास्तरांचं ऐकून यांचा रोजचा एक सदरा, पितळी पळी. मोठं कपाट, सागवानी पलंग, बारा ताटं तिथंच. शेजारची सून शनिवारी कड्या उघडून केर काढणार आहे, तिला मागच्या दोन पोफळींची सुपारी दिली.

कुळागरी | ९ मार्च, सकाळी ८.१०

मनापासून आनंद झाला ताई. आणि भाण?

अबोली_बांदिवडे | ९ मार्च, सकाळी ८.४५

भाण न्हाणीत आहे. काल आमसुलानं घासलं, बाहेरून लखलखीत झालं, बूड काळंच राहिलं. घासताना काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं सासूबाईंचं नाव दिसलं. इतकी वर्षं काजळीत होतं. मेमध्ये नातवंडं येणार, तेव्हा एक दिवस पेटवायचं. नातू सहा वर्षांचा आहे, त्यानं चुलीवरचं पाणी अंगावर घेतलेलं नाही अजून.

@तरुण_तिसवाडी, आईला सांगा शनिवारी चोडण ठरलं. पक्षी सकाळी लवकर दिसतात म्हणे, तेव्हा सातला रायबंदरच्या धक्क्यावर. दुर्बीण मिरामार_फेरी आणतायत, चहाचा थर्मास माझा.

साळावलीकाठ | ९ मार्च, रात्री ९.५५

मला सांग्याहून सातला पोचता येणार नाही. आठची बोट धरली तर चालेल?

अबोली_बांदिवडे | १० मार्च, सकाळी ६.०५

थांबतो आम्ही. सावकाश या.